बी६५० चा मायक्रो एटीएक्स बोर्ड : चालतो मस्त, बसवताना मात्र घाम काढतो

मदरबोर्डचे रिव्ह्यू वाचायला घेतले की सगळीकडे तेच ते, चिपसेट (बोर्डाची मुख्य कंट्रोल चिप) कोणता, रॅम किती स्पीडला धावते, एम डॉट टू (पट्टीसारख्या एसएसडीच्या जागा) किती, आणि शेवटी अंधारात काढलेले आरजीबीचे फोटो. बोर्डावर काय काय दिलंय ते सगळे सांगतात, कुठे दिलंय ते कोणी सांगत नाही. आणि स्वतः असेंबल करणाऱ्या माणसाला त्रास होतो तो त्या कुठेचाच. म्हणून मी इथे बेंचमार्क वगैरे काही देणार नाहीये, फक्त बोर्डाची मांडणी कशी आहे, हात कुठे जातो कुठे जात नाही, एवढंच लिहितोय.

भाची आर्किटेक्चरला आहे, तिचं थ्रीडी मॉडेल आणि रेंडरचं काम लॅपटॉपवर रडतखडत चाललं होतं, म्हणून ताईने सांगितलं की एकदाच काय ते नीट मशीन करून दे. रायझन ५ ७६०० (एएमडीचा प्रोसेसर), ३२ जीबी डीडीआर५ रॅम दोन स्टिकमध्ये, अडीच स्लॉट जाडीचं ग्राफिक कार्ड, एक टीबीची एम डॉट टू, आणि तिच्या जुन्या डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क आणि एक साटा (केबलनं जोडायची) एसएसडी तशीच उचलून लावायची होती. बोर्ड घेतला बी६५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स (म्हणजे नेहमीच्या फुल एटीएक्सपेक्षा लहान आकाराचा), चौदा-पंधरा हजारांच्या पट्ट्यातला, तैवानच्या एका मोठ्या कंपनीचा. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीत जवळपास हीच मांडणी थोड्याफार फरकाने दोन-तीन ठिकाणी दिसते, एकालाच बदनाम करण्यात अर्थ नाही. तुमच्या समोरचा बोर्ड याच जातीचा आहे का ते खाली वाचून ओळखता येईल.

इंदूरला आरएनटी मार्गावर सिल्वर मॉलमध्ये घेतला. दुकानदार म्हणाला, "भिया, बोर्ड में क्या देखना, चिपसेट देख लो, रैम के स्लॉट गिन लो, बस." त्याचंही बरोबर आहे म्हणा, सील फोडून बोर्ड दाखवायला कोणीच तयार नसतं, आणि गिऱ्हाइकालाही त्या बॉक्सवर मागे छापलेल्या पोर्टांच्या चित्रापलीकडे काही बघायचं नसतं. पण मोबाइलवर मॅन्युअलची पीडीएफ उघडून मी तिथेच उभ्या उभ्या मांडणीचं पान बघितलं होतं, त्यामुळे पुढे जे काही झालं ते बऱ्यापैकी आधी दिसत होतं. घेतला तरी का मग? बजेट. याच चिपसेटचा फुल एटीएक्स बोर्ड घ्यायला गेलं तर रॅम निम्मी करावी लागली असती.

आता सुरुवात बोर्डाच्या आकारापासून, कारण पहिली खोट तिथेच आहे. मायक्रो एटीएक्स म्हणजे नियमाप्रमाणे जास्तीत जास्त २४४ बाय २४४ मिलिमीटर, चौरस. पण हा जास्तीत जास्तचा आकडा आहे, कंपनीला रुंदी कमी करायची मुभा आहे, आणि स्वस्तातल्या बोर्डांवर ती बिनदिक्कत घेतात. आमचा बोर्ड उंचीला पूर्ण २४४ आहे पण रुंदीला २१५ च्या आसपास. तुम्ही म्हणाल, तीन सेंटिमीटरनं काय बिघडतं? बिघडतं ते असं, की पूर्ण रुंदीच्या बोर्डाला उजव्या कडेला स्क्रूंच्या भोकांची तिसरी ओळ असते, अरुंद बोर्ड तिथपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे स्क्रू फक्त डावीकडे आणि मधल्या ओळीत, सहा. उजवीकडची चार-पाच सेंटिमीटरची पट्टी खाली काही आधार नसताना हवेत लटकते. आणि त्या लटकत्या पट्टीवर काय आहे? चोवीस पिनांचा मेन पॉवर कनेक्टर, जो लावायला सगळ्यात जास्त जोर लागतो, आणि रॅमचे स्लॉट, जिथे दुसऱ्या नंबरचा जोर लागतो.

चोवीस पिनांचा कनेक्टर नवीन असताना किती घट्ट असतो ते ज्यांनी लावलाय त्यांना माहीत आहे. अंगठ्यानं दाबायला लागलं की बोर्डाची कड सरळ सरळ आत वाकताना दिसते, डोळ्यांना दिसते, आणि पोटात गोळा येतो. भाची शेजारी बसून टॉर्च धरत होती, ती म्हणाली, "अरे मामा, तुटेल ते!" तुटत नाही, फायबरग्लासचा थर बराच सोसतो, पण आत तांब्याचे बारीक ट्रॅक आणि वर सोल्डर केलेले इवलेसे भाग आहेत, त्यांना वाकवणं काही चांगलं नाही. उपाय दोन. एक तर चोवीस पिनांची केबल आणि रॅम दोन्ही बोर्ड टेबलावर, त्याच्याच खोक्यावर सपाट ठेवलेला असतानाच लावून टाका आणि मग सगळं मिळून कॅबिनेटमध्ये उतरवा, हे मॉड्युलर एसएमपीएस (केबल सुट्या होणारा पॉवर सप्लाय) असेल तर सोपं, नसेल तर केबलची ओढाताण होते. नाहीतर कॅबिनेटमध्ये बसवल्यावर डाव्या हाताचं बोट बोर्डाच्या कडेखाली घालून खालून आधार द्या आणि उजव्या हातानं दाबा. काढताना पण तसंच, काढताना तर जास्त, कारण ती क्लिप दाबून वर खेचताना कड बाहेर येते. या एका गोष्टीसाठी मी मार्क कापतो आणि चांगले कापतो, कारण तीन सेंटिमीटर पीसीबी (बोर्डाची पाटी) वाचवून कंपनीनं जे कमावलं त्याची किंमत आपलं बोट देतं.

वरची बाजू बघू. प्रोसेसरची पॉवर, म्हणजे चार अधिक चारवाला आठ पिनांचा कनेक्टर, अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात. हा जवळजवळ सगळ्याच बोर्डांवर तिथेच असतो कारण व्होल्टेज बनवणारा भाग, म्हणजे व्हीआरएम, सॉकेटच्या डावीकडे आणि वर असतो आणि बारा व्होल्ट तिथेच लागतात, तेव्हा यात तक्रार नाही. तक्रार ही की कनेक्टरची क्लिप व्हीआरएमच्या हीटसिंकच्या (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) बाजूला तोंड करून दिलीये, आणि दोघांमध्ये नखाएवढी फट. बोर्ड बसवल्यावर वर कॅबिनेटचं छत, बाजूला मागचा पंखा, त्यातून दोन बोटं घालून क्लिप दाबायची म्हणजे कसरत. लावताना क्लिप आपोआप बसते त्यामुळे कळत नाही, काढायची वेळ आली की कळतं. क्लिप वरच्या कडेकडे वळवली असती तर एक रुपयाचाही फरक पडला नसता. ही केबल मात्र कूलर लावायच्या आधी ओढून घ्या, टॉवर कूलर बसला की तो कोपरा गेला म्हणून समजा.

हीटसिंक फक्त डावीकडच्या मॉसफेटवर, म्हणजे व्हीआरएमच्या चिपांवर आहे, सॉकेटच्या वरचा भाग उघडा. पासष्ट वॉटच्या ७६०० ला यानं काही फरक पडत नाही, रेंडर चालू असताना हीटसिंकला हात लावून बघितला, आरामात हात ठेवता येतो. पण इंदूरला मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि भाचीच्या खोलीत एसी नाही, उद्या यावर बारा किंवा सोळा कोरवाला प्रोसेसर टाकायचा विचार असेल तर तो उघडा भाग लक्षात ठेवा. आणि तो विचार येणारच, कारण एएमडीनं एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच) २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवायचं जाहीर केलंय, म्हणजे हा बोर्ड एकदा बसवून विसरून जायचा नाही, तीन-चार वर्षांनी परत उघडायचा बोर्ड आहे. म्हणून तर मांडणीवर एवढं डोकं लावतोय.

सॉकेटपाशी एक जाणून घेण्यासारखी गोष्ट. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नाहीत, बोर्डाला आहेत, १७१८, आणि मागची बॅकप्लेट सॉकेटच्याच स्क्रूंनी जखडलेली असते. एएम४ ला, म्हणजे आधीच्या सॉकेटला, जे कूलर स्वतःची बॅकप्लेट लावून बसायचे ते इथे बसत नाहीत, आणि जे बोर्डाबरोबरच्या प्लास्टिकच्या कंसांना आकडा अडकवून बसायचे ते बसतात. सॉकेटच्या आजूबाजूला जागा मात्र या बोर्डावर ऐसपैस आहे, कुठला कॅपॅसिटर कूलरच्या कंसाला घासत नाही, एवढं श्रेय द्यायला हवं.

रॅमचे चार स्लॉट. दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घालायच्या, ए२ आणि बी२, आणि ही कंपनीची लहर नाही, ट्रॅक प्रोसेसरपासून निघून त्या शेवटच्या स्लॉटवर संपतात, मधला स्लॉट रिकामा राहिला तर चालतं, पण शेवटचा रिकामा ठेवून मधल्यात घातली तर पुढे उरलेलं ट्रॅकचं टोक सिग्नल परतवतं. बोर्डावर ए२ बी२ च्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, स्लॉटचा रंग मात्र सगळ्यांचा काळा. पूर्वी दोन रंग असायचे, निळा-काळा नाहीतर पिवळा-काळा, दिसायला भडक होतं पण लहान पोरालासुद्धा कळायचं. आता सगळं काळं म्हणजे प्रीमियम, असो. खालच्या बाजूची कडी पक्की आणि फक्त वरची उघडते, हे छान केलंय, कारण दोन्हीकडे उघडणारी असती तर खालची कडी ग्राफिक कार्डाच्या पाठीला आपटली असती आणि रॅम काढायला कार्ड काढावं लागलं असतं. पहिला स्लॉट रिकामा राहिल्यामुळे कूलरचा पंखाही रॅमवर चढत नाही. या भागाला पूर्ण मार्क.

आता खरी भानगड. ग्राफिक कार्डाचा स्लॉट आणि त्याच्या आजूबाजूचा मुलूख.

एटीएक्समध्ये दोन स्लॉटमधलं अंतर ठरलेलं आहे, २०.३२ मिलिमीटर. मायक्रो एटीएक्सला असे चारच स्लॉट मिळतात. आमचं कार्ड अडीच स्लॉट जाडीचं, म्हणजे पन्नास मिलिमीटर, म्हणजे चारातले अडीच तिथेच गेले. आता कंपनीनं त्या अडीच स्लॉटच्या खाली काय काय पुरून ठेवलंय ते ऐका: दुसरी एम डॉट टू, एक छोटा एक्स१ (एका लेनचा, म्हणजे डेटाच्या एका वाटेचा) स्लॉट, आणि सीआर२०३२ चा सेल. घराचा मेन स्विच गोदरेजच्या कपाटामागे दिल्यासारखं. पहिली एम डॉट टू प्रोसेसर आणि कार्डाच्या मध्ये आहे, ती जागा ठीक, वर हीटसिंक आहे, कूलरची थोडी हवा लागते, आणि कार्ड असतानाही तिच्या स्क्रूपर्यंत स्क्रूड्रायव्हर पोचतो. हीटसिंकच्या पॅडवरचं पारदर्शक प्लास्टिक सोलायला विसरू नका, ते इतकं पातळ आहे की लाइटसमोर तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही. दुसरी एम डॉट टू कार्डाच्या बरोब्बर पोटाखाली, तिला हीटसिंक नाही, आणि वरून कार्डाची गरम हवा. उद्या भाचीला जागा कमी पडली आणि दुसरी एसएसडी लावायची झाली तर आधी कार्डाची पॉवर केबल काढा, मागचे दोन स्क्रू काढा, स्लॉटची कडी दाबा, कार्ड बाहेर काढा, मग ती बोटाएवढी एसएसडी लावा, मग सगळं उलट.

आणि ती स्लॉटची कडी! स्लॉटच्या उजव्या टोकाला असते, जी दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही. वरून एम डॉट टूचा हीटसिंक, खालून कार्डाची पाठ, उजवीकडे रॅम, आणि कडी त्या फटीच्या तळाशी. बोट जात नाही. माझंच नाही, भाचीचं बारीक बोटही जात नाही. शेवटी तिनंच तिची ड्रॉइंगची प्लास्टिकची स्केल आणली, ती फटीत घालून कडी दाबली आणि मी कार्ड उचललं. स्क्रूड्रायव्हर घालू नका, घसरला तर बोर्डावर ओरखडा आणि वॉरंटी गेली, लाकडी किंवा प्लास्टिकचं काहीतरी वापरा. महागड्या बोर्डांवर हल्ली रॅमच्या शेजारी बटण असतं, दाबलं की कडी सुटते. चौदा-पंधरा हजारात बटणाची अपेक्षा नाही, पण कडीचं टोक सेंटिमीटरभर लांब तरी ठेवायचं, प्लास्टिकच तर आहे ते.

एक्स१ स्लॉट कार्डाखाली पूर्ण मेलेला, तो नसता दिला तरी चाललं असतं, बॉक्सवर लिहायला कामाला आला असेल. चौथ्या जागी एक लांब स्लॉट आहे, दिसायला एक्स१६, आत वायरी चार लेनच्याच. तो मोकळा राहतो, वायफाय कार्ड किंवा कॅप्चर कार्ड लावता येतं, पण ते लावलं की ग्राफिक कार्डाच्या पंख्याच्या तोंडापाशीच भिंत उभी राहते. सेल कार्डाखाली आहे याचं मात्र मला तेवढं दुःख नाही, कारण बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) रीसेट करायच्या दोन पिना खालच्या कडेला मोकळ्या ठिकाणी दिल्यात, मशीन बंद करून, एसएमपीएसचा स्विच पाडून, स्क्रूड्रायव्हरचं टोक काही सेकंद दोन्हीवर टेकवलं की झालं. सेल बदलायची वेळ येईल तेव्हा बघू.

इथे कंपनीची बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. बोर्डावर बऱ्याच गोष्टी जिथे आहेत तिथेच असाव्या लागतात. रॅम प्रोसेसरला चिकटूनच हवी, कारण डीडीआर५ च्या स्पीडला ट्रॅकची लांबी वाढली की सिग्नल बिघडतो. ग्राफिक कार्डाचा स्लॉटही पीसीआय एक्सप्रेस ४.० ला फार लांब नेता येत नाही. मागचे पोर्ट कुठे यायचे, स्क्रू कुठे, स्लॉट कुठे, हे इंटेलनं १९९५ साली एटीएक्स काढलं तेव्हाच ठरलं, आणि तेव्हा कार्ड म्हणजे एक पातळ पट्टी असायची, किलोभराचं तीन पंख्यांचं धूड कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. टॉवर कॅबिनेटमध्ये ग्राफिक कार्ड उलटं, चिप खाली तोंड करून बसतं ते पण त्याच काळाचं देणं. इंटेलनं २००४ च्या सुमारास बीटीएक्स नावाचा नवा ढाचा आणला होता, हवेचा विचार करून सगळं सरळ रेषेत मांडलेला, पण तो बाजारात काही रुजला नाही, दोनेक वर्षांत इंटेलनंच हात काढून घेतला. म्हणजे आपण सगळे तीस वर्षांपूर्वीच्या नकाशावर आजचं शहर बांधतोय. त्यामुळे रॅम कुठे आणि स्लॉट कुठे यावर मी कंपनीला बोलत नाही, पण क्लिपचं तोंड, कडीची लांबी, पंख्याचे कनेक्टर आणि साटाचे पोर्ट हे सगळं तिच्या हातात होतं.

साटाचं बघा. चार पोर्ट, दोन आडवे उजव्या कडेला, दोन उभे, बोर्डातून सरळ वर येणारे. आडवे दोन उत्तम, केबल कडेवरून मागे वळते आणि दिसतही नाही. उभे दोन नेमके तिथे जिथे ग्राफिक कार्डाचं शेपूट येतं, कार्डाचा खालचा भाग आणि बोर्ड यांच्यात बोटभर जागा, त्यात सरळ तोंडाची साटा केबल उभी राहूच शकत नाही. आमच्याकडे दोनच ड्राइव्ह होत्या म्हणून निभावलं. तिसरी असती तर काटकोनात वळलेल्या तोंडाची केबल घ्यावी लागली असती, ती मिळते, साटाच्या केबलीत दोन्ही प्रकार येतात, फक्त बॉक्समध्ये ज्या दोन दिल्यात त्या सरळ तोंडाच्या आहेत. म्हणजे ज्यानं बोर्ड आखला आणि ज्यानं बॉक्स भरला त्यांची कधी गाठ पडली नसावी.

पंख्यांचे चार पिनांचे कनेक्टर एकूण तीन. प्रोसेसरचा वर, एक रॅमच्या शेजारी, एक खालच्या कडेला. मागचा पंखा, जो प्रत्येक कॅबिनेटला असतोच असतो, त्याच्या जवळ एकही नाही. त्याची वायर ग्राफिक कार्डावरून खाली आणायची किंवा वरून रॅमपर्यंत, आणि बहुतेक पंख्यांची वायर तेवढ्याला पुरत नाही, ताणून बसते. एक्स्टेंशन लावलं. मागच्या पोर्टांच्या आणि सॉकेटच्या मध्ये तीन सेंटिमीटर मोकळी जागा आहे, तिथे कंपनीनं स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात छापलंय.

खालची कड म्हणजे फ्रंट पॅनलचा इलाका. फ्रंट पॅनलच्या पिना उजव्या टोकाला, दोन ओळी, नऊ पिना आणि एक जागा मोकळी, पॉवर बटण आणि पॉवरचा दिवा एका ओळीत, रीसेट आणि हार्ड डिस्कचा दिवा दुसऱ्या. बटणाच्या पिना उलटसुलट लावल्या तरी चालतात, दिव्यांना मात्र अधिक-उणे बघावं लागतं. इथे कंपनीनं चांगलं काम केलंय, प्रत्येक जोडीला रंगीत पट्टी छापलीये आणि नाव वाचता येईल एवढं मोठं, मॅन्युअल उघडायची गरज पडली नाही. ऑडिओचा कनेक्टर मात्र पार डाव्या कोपऱ्यात तळाशी. तोही बहुतेक बोर्डांवर तिथेच, कारण ऑडिओची चिप मागच्या जॅकजवळ आणि बाकी गोंगाटापासून दूर ठेवतात, बोर्डाकडे निरखून बघितलं तर त्या भागाभोवती एक रेघ वेगळी काढलेली दिसते. पण कॅबिनेटचा हेडफोन जॅक असतो वर पुढे, म्हणजे कर्णाच्या दुसऱ्या टोकाला, आणि स्वस्त कॅबिनेटची केबल बोर्डावरून तिरकीच न्यावी लागते. मागून नेली तर कमी पडते. आमची दोन बोटं कमी पडली.

यूएसबी ३ चा जाड कनेक्टर चोवीस पिनांच्या बरोबर खाली, हे बरं, कारण ती केबल काठीसारखी ताठ असते आणि काढताना पिनाच उपटून येतील अशी भीती वाटते, कडेला असली की वळवायला जागा मिळते.

मागची बाजू पटकन संपवतो. आयओ शील्ड (मागच्या पोर्टांभोवतीची चौकट) सुटी पत्र्याची, आधीच बसवावी लागते, कडा धारदार, आणि आतल्या स्प्रिंगच्या जिभा लॅन पोर्टात शिरणार नाहीत ते बघून बोर्ड सरकवावा लागतो. पोर्ट पुरेसे, टाइप सी एकच, कीबोर्डचा जुना गोल पोर्ट अजून आहे, भाचीनं विचारलं हे काय आहे. बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे, प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस टाकता येतो, आणि वर म्हटल्याप्रमाणे पुढचे प्रोसेसर टाकायचे तर हे बटण म्हणजे विमा आहे.

एका गोष्टीसाठी मात्र या बोर्डाला मनापासून दाद. उजव्या कडेला वर चार बारीक दिवे, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट, प्रत्येकाचं नाव शेजारी. डीडीआर५ आणि एएम५ च्या जोडीला पहिल्यांदा चालू केल्यावर मेमरी ट्रेनिंगला (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्याला) वेळ लागतो, काही मिनिटं स्क्रीन काळीच, पंखे फिरताहेत आणि काही दिसत नाही, अशा वेळी भलेभले घाबरून बंद करतात. डीरॅमचा दिवा पेटलेला दिसत होता, त्यामुळे निवांत बसलो, ताईनं तेवढ्यात पोहे आणले, आणि प्लेट अर्धी व्हायच्या आत डिस्प्ले आला. हे दिवे कडेला आहेत, काचेतून बाहेरून दिसतात, कार्ड काढावं लागत नाही. सगळं असंच विचार करून ठेवलं असतं तर हा रिव्ह्यू चार ओळींत संपला असता.

सफाईचंही मांडणीशी नातं आहे, आणि इंदूरवाल्यांनी तर हे धरूनच चालावं. धूळ आहेच, त्यात ताईचं घर राजवाड्यापासून जवळ, रंगपंचमीची गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघाली की गुलाल तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो आणि कॅबिनेटची जाळी गुलाबी होते. जाळीतून निसटलेलं सगळं ग्राफिक कार्डाखालच्या त्या बंद खोबणीत जाऊन बसणार, जिथे ब्लोअरची हवाही नीट पोचत नाही. म्हणजे वर्षातून एकदा तरी कार्ड काढणं आलं, म्हणजे ती कडी आली, म्हणजे ती स्केल आली.

तर घ्यावा का? कार्ड दोन स्लॉटपर्यंतचं असेल किंवा नुसत्या प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर काम भागत असेल तर बिनधास्त घ्या, वरच्या अर्ध्या तक्रारी तुम्हाला लागूच होत नाहीत. जाड कार्ड, दोन-तीन ड्राइव्ह आणि वर्षाला काहीतरी बदलायची खाज असेल तर याच चिपसेटचा फुल एटीएक्स बघा, नाहीतर निदान पूर्ण २४४ रुंदीचा मायक्रो. दुकानात जायच्या आधी कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवा, फुकट असतं, आणि मांडणीच्या पानावर पहिल्या स्लॉटपासून खाली आपल्या कार्डाच्या जाडीएवढा चौकोन पेन्सिलनं काढा, त्या चौकोनात जे जे येतंय ते तुमचं नाही असं समजून मग किंमत जोखा. स्क्रूची भोकं मोजा, सहा आहेत की आठ. मागच्या पंख्याजवळ कनेक्टर आहे का बघा.

कामाला पाचपैकी साडेचार, मांडणीला अडीच, त्यातला अर्धा त्या चार दिव्यांचा. भाचीला सांगितलंय की दुसरी एसएसडी घ्यायची असेल तर दिवाळीच्या सफाईला घे, कार्ड तेव्हा काढायचंच आहे.